तार बसत नव्हती

जळालेला स्टेटर, म्हणजे मोटरमधला तांब्याची तार भरलेला भाग, संचालकांनी मीटिंगच्या टेबलावर आपटला.

"वाइंडिंग कुणी केलंय?"

"अक्कांनी," सुपरवायझर म्हणाला.

"त्या वस्तीतल्या बायका भरल्या की हेच होणार. असल्यांच्या हाताला अक्कल असती का?"

अक्का दाराशी उभ्या होत्या. मी खुर्चीवर होते. वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं? आजची तारीख. दोनदा.

मोटर माझी होती. एम.टेक. होऊन कोल्हापूरला परत आल्यावर स्वतः डिझाइन केलेली पहिली. मालवाहू ई-रिक्षासाठी. वजन कमी, ताकद जास्त हवी होती. म्हणून स्टेटरच्या खाचांत मावेल तेवढं तांबं मी कोंबलं. कॉम्प्युटरवर सगळं जुळत होतं.

आधीच अक्का येऊन सांगून गेल्या होत्या. "मॅडम, तार बसंना. ठोकून बसवली की वरचं इनॅमल खरवडतंय. दोन फेरं कमी करा की."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "मॉडेलमध्ये बसतंय. तुम्ही नीट भरा."

वीस वर्षं तार भरणाऱ्या बाईला मी हे बोलले.

चाचणीत, तार जिथं खरवडली होती तिथंच, शॉर्ट झालं. जळालेला भाग बघताक्षणी मला कळलं. तरी रिपोर्टवर 'कामगाराची चूक' असं टाईप झालं आणि खाली मी सही केली. दुसऱ्या दिवसापासून अक्कांना येऊ नका म्हणून सांगितलं.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून जात कळत नाही. "तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता," संचालक एकदा म्हणाले होते. मी हसले होते. आम्ही आजोबांपासून बौद्ध. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी माहीत होऊ दिलं नव्हतं.

रविवारी कळंब्याला अक्कांच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी आधी चहा टाकला.

"तुमच्या आईला वळकतो मी. विहारात येत्यात न्हवं? तुमी आमच्यातल्या, हे म्हाईत हुतं मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाही? तार बसत नाही, हे सांगितलं होतं की तुम्ही."

"बोलून तुमच्यावर आलं असतं. आपली एक तरी पोरगी टेबलाला बसलीया म्हटलं. बसू दे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी नवा रिपोर्ट लिहिला. 'दोष डिझाइनचा आहे. वाइंडिंग विभागानं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' सगळ्यांना पाठवला, गिऱ्हाइकालाही.

संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "कशाला अंगावर घेताय? तुम्ही काय त्यांच्यातल्या आहात?"

"हो. त्यांच्यातलीच आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मी बसले होते त्या खुर्चीकडं.

पुढची मोटर माझ्याकडून काढून घेतली. अक्कांना परत बोलावलं, त्या आल्या नाहीत. जयसिंगपुरात पंप रिवाइंडिंगच्या दुकानात लागल्यात. "तुमच्या कंपनीत पाय ठेवणार न्हाय आता," एवढंच म्हणाल्या. माझ्यावर रागावल्यात का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

मी केलं ते धुऊन निघणार नाही. निघावं असंही म्हणत नाही. पण इथून पुढं माझी चूक मी दुसऱ्या कुणाच्या हातावर ढकलणार नाही. आणि माझ्यासमोर कुणी माझ्या माणसांना नावं ठेवली, तर त्याच खोलीत, त्याच क्षणी उत्तर देणार. नोकरी राहो न राहो.