साडेनऊची बस

आमच्या घराचं तोंड रस्त्याकडे होतं आणि रस्ता नव्हता. सत्तर सालाच्या आगेमागे आम्ही शहराबाहेर नंदनवनात घर बांधलं, तेव्हा लेआउटच्या, म्हणजे शेतं मोडून पाडलेल्या प्लॉटांच्या, नकाशावर प्लॉटच्या पूर्वेला चांगला रुंद रस्ता आखलेला होता. प्रत्यक्षात तिथं तुरीचं शेत होतं. खरा गाडीरस्ता मागच्या अंगाला. त्यामुळे आलेला पाहुणा न्हाणीजवळून, वाळत घातलेल्या लुगड्यांखालून वाकत घरात शिरायचा, सगळं घर ओलांडून पुढच्या व्हरांड्यात जाऊन बसायचा आणि चहा पिताना तुरीकडे पाहत राहायचा.

ही करामत माझ्या थोरल्या दिरांची. ते एका सरकारी कचेरीत नकाशे ट्रेस करायचे. विलायतेहून आलेल्या कुणाचं तरी व्याख्यान त्यांनी ऐकलं होतं, पडद्यावर चित्रं दाखवून केलेलं. तेव्हापासून जेवताना ताटातल्या भाताची शहरं व्हायची. वरणाची नदी, चटणीचं स्टेशन. तिकडे म्हणे आधी रूळ टाकतात आणि मग त्यांच्या काठाकाठानं वस्ती वाढते. लंडनजवळ तर रेल्वेवाल्यांनीच शेतं घेऊन घरं बांधली आणि विकली. व्हिएन्नात जुना कोट पाडून गोल रस्ता केला आणि शहर मोकळं झालं. आपल्याकडेही रस्ता आखलाय म्हणजे बस येणारच, असं ते सांगायचे. आमचे हे थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हते. मीही मान डोलवायची. व्हिएन्ना कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, पण आपण तिथल्याच लायनीत बसलोय असं वाटून जरा बरं वाटायचं.

भर शहरातल्या गांधीबागेत भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथून आम्ही इथं आलो. माझी शाळा गांधीबागेतच राहिली. सकाळची शाळा, सातला प्रार्थना. नोकरी लग्नाआधीची, पण कच्ची. त्या वर्षी कायम करणार होते, आणि मोठ्या बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की उशिराची तक्रार वर गेली तर त्या काही करू शकणार नाहीत. पूर्वी मी प्रार्थनेची घंटा ऐकून घरातून निघायची. आता अंधारातच उठून निघावं लागे. काळी माती पावसात चपला ओढून घेई, म्हणून चपला पिशवीत, लुगडं पोटरीपर्यंत वर, आणि शाळेजवळच्या नळावर पाय धुऊन मी बाई व्हायची. एकदा घाईत धुवायचं राहिलं, तर पहिलीतल्या पोरी दिवसभर माझ्या पायांकडे पाहून हसत होत्या. उमरेडहून येणारी एसटी मोठ्या रस्त्यावर दिसायची. हात दाखवला की ड्रायव्हर उलटा हात दाखवायचा, जागा नाही म्हणून. पोचेपर्यंत कधी प्रार्थना संपलेली असे, कधी हजेरीसुद्धा.

मी एकटीच चालत होते असं नाही. शहरात भांडी घासायला जाणाऱ्या बाया होत्या, सूतगिरणीतली पहिली पाळी होती, सकाळच्या कॉलेजच्या दोन पोरी होत्या. आमची अंधारातली मिरवणूकच असायची.

शेवटी लेआउटमधले पुरुष शिष्टमंडळ करून बसच्या साहेबांकडे गेले. आमचे हे पुढे होते. मी त्यांचा शर्ट इस्त्री करून दिला आणि दोनदा सांगितलं, माझ्या शाळेचं लक्षात ठेवा. ते आले ते छाती काढून. साहेबानं चहा पाजला, बस मंजूर झाली.

बस आली रविवारी. रस्ता नव्हताच, ती मागच्या गाडीवाटेनं आली, पण आली. तिला हार घातला, नारळ फोडला. माझे दीर कंडक्टरला लंडनबद्दल काहीतरी सांगत होते. सासूबाईंनी बसला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरला ओवाळायला निघाल्या, त्याला लाजून दरवाजा लावून घ्यावा लागला. मी कंडक्टरला विचारलं, सकाळची पहिली किती वाजता? साडेनऊला, तो म्हणाला.

मला वाटलं तो रविवारचं सांगतोय. मग कळलं की रोजच साडेनऊ. त्यानंतर दहाची, आणि संध्याकाळी परत येताना दोन गाड्या.

मी ह्यांना बाजूला घेतलं. ते अगदी सरळ मनानं म्हणाले की साहेबानं विचारलं किती वाजता पाहिजे, तेव्हा सगळे एका सुरात ऑफिसची वेळ बोलले.

"अन् माझी शाळा?"

"ते डोक्यातच नाही आलं वं," हे म्हणाले.

हे भांडले असते तर मीही भांडले असते. विसरलो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण हे विसरलेही नव्हते. विसरायला आधी डोक्यात असावं लागतं. बारा-पंधरा माणसं साहेबाच्या कचेरीत बसली होती, प्रत्येकाच्या घरातून कुणीतरी बाई, कुणीतरी पोर अंधारात चालत शहरात जात होती, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पावसाचिखलातून स्वतःच साहेबांकडे गेले. ते सभ्यपणे म्हणाले, "त्या वेळेला पॅसेंजर कुठं आहेत, बाई?"

बस नाही तर पॅसेंजर दिसणार कुठून? ते पायी आहेत. मी त्यांना म्हटलं, एक दिवस पहाटे येऊन उभे राहा. त्यांनी घड्याळ पाहिलं. हे सगळं मी फार ठासून सांगितलं असं मला वाटत होतं, पण बाहेर येऊन पाहते तो चपला अजून पिशवीतच होत्या. सबंध वेळ मी अनवाणी, चिखलाच्या पायांनी त्यांच्या सतरंजीवर उभी होते.

आठवड्याभरानं माझे दीर वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक वाचून आले. आनंदानं सांगू लागले की लंडनमध्येही असंच झालं होतं. कामगार शहराबाहेर राहायला गेले आणि सकाळी यायला गाडीच नाही. मग सरकारनं कायदा केला, की रेल्वेनं कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या सोडल्याच पाहिजेत. त्याशिवाय शहर वाढूच शकलं नसतं म्हणे.

ताटात भाताचं लंडन होतं. मी वरणाचा डाव खाली ठेवला.

"भाऊजी, हे साहेबाला काहून नाही सांगितलं?"

ते म्हणाले, हे तेव्हा वाचलं नव्हतं. व्याख्यानात नव्हतं. पडद्यावर दाखवलेल्या चित्रातली ट्राम रिकामी होती.

रिकामीच असणार. फोटो काढणारा काही पहाटे उठला नसेल.

त्या रात्री मी पेटी भरली. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानामागं खोली पाहून ठेवली होती. हे म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना साडेनऊच्या बसनं यायला सांगा, मी तेव्हा शाळेत असेन. दारात पाहते तो सासूबाई गाठोडं घेऊन उभ्या.

"मी बी येतो तुह्यासंगं. इथं मले देवळात जाले बस नाही अन् बोलाले माणूस नाही. हे दोघं भाताचं गाव मांडून राह्यतात."

दोघी गेलो. मी पायी, त्या रिक्षात गाठोड्यावर.

उन्हाळ्यात मी कायम झाले. हे संत्र्याची बर्फी घेऊन आले, साडेनऊच्याच बसनं. खरोखर आनंदले होते, ते मी नाकारत नाही. म्हणाले, आता घरी चल. मी विचारलं, पहाटेची बस सुरू झाली? नाही झाली, म्हणाले, पण मी रोज सायकलवर सोडून देईन.

सासूबाई बर्फीचा तुकडा मोडत होत्या. त्यांनी लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुह्यानं उठणं होते काय गा? उगाच तिची पक्की नोकरी कच्ची करशीन." मग तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "पुढच्या खेपीले माहा पाटा-वरवंटा घेऊन ये."