तिसरं ध्येय ग्रंथालयाकडे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचनकक्ष सांभाळणाऱ्या बाईंना सगळे किल्लीबाई म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि आवाज असा खणखणीत, की शेवटच्या टेबलावर पेंगणाराही दचकून पान उलटायचा. संध्याकाळी गावातल्या कुणीही आत येऊन वाचावं, ही रीत त्यांनीच पाडलेली. परीक्षेची तयारी करणारी नर्स काय, निवृत्त बसचालक काय, सगळी त्यांची लेकरं!

तपासणी समिती येणार म्हटल्यावर कुलसचिवांनी दोन फर्मानं काढली. विद्यापीठाची ध्येयं विभागांत वाटून दिली. प्रत्येकाने आपापलं पाठ करायचं. ग्रंथालयाच्या वाट्याला तिसरं आलं : ज्ञान समाजातल्या प्रत्येकापर्यंत नेणे. आणि गर्दी बरी दिसत नाही, म्हणून वाचनकक्ष बाहेरच्यांना कायमचा बंद.

"एका हाताने वाक्य देता नि दुसऱ्या हाताने दार लावता?" किल्लीबाई कुलसचिवांवर भडकल्या.

"बाई, तुम्ही फक्त म्हणायचं. अर्थाचं आम्ही बघू."

समिती आली. वाचनकक्षात विभागप्रमुख रांगेत उभे. समितीच्या अध्यक्षबाईंनी रसायनशास्त्राच्या सरांना सहज विचारलं, "तुमच्या विद्यापीठाचं तिसरं ध्येय काय?"

सर गडबडले. "तिसरं ग्रंथालयाकडे आहे, मॅडम. आमच्याकडे पाचवं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षबाई वळल्या. "मग ग्रंथालयाने सांगावं."

कुलसचिव अध्यक्षबाईंच्या मागून नुसते ओठ हलवून शब्द पुरवू लागले. किल्लीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कामात जन्म घालवला, ते आता पोपटासारखं बोलून दाखवायचं? तेही त्या कामाला कुलूप लावून?

"म्हणत नाही!" त्या कडाडल्या आणि तडक दाराकडे निघाल्या.

कुलसचिव आडवे आले. "बाई, किल्ली इकडे द्या."

"देते की. आधी दार तर उघडू दे."

दार उघडलं. पायरीवर नर्स मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती, शेजारी बसचालक.

"हे बाहेर का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

याचं उत्तर कुणालाच वाटून दिलेलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी स्वतः पायरीवरच्या दोघांसाठी खुर्च्या ओढल्या. नर्स बिचकतच उठली. "आज चालेल ना, बाई?"

"आज? रोज! बस तिथे." किल्लीबाईंनी जुडग्यातली किल्ली सोडवली आणि कुलसचिवांच्या तळहातावर आपटली. "उद्या दार उघडायला तुम्ही यायचं, साहेब. आणि वेळेवर!"