किल्ल्याच्या दारात अप्पा

बिदरच्या किल्ल्यात गाईडचं काम मिळालं, तेव्हा सगळ्यात आधी वडिलांना किल्ला दाखवायचं मी ठरवलं. अप्पांची उमर पठाराखालच्या गावातून मेंढरं आणून खंदकाच्या कडेनं चारण्यात गेली. माझं कॉलेज त्या मेंढरांवर झालं. पण ते किल्ल्याच्या आत कधी गेले नव्हते. कामून, ते मीही कधी विचारलं नव्हतं.

खंदकापाशी मी सांगू लागले. बहमनी सुलतानानं गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणली. तांबडा खडक कोरून एकाशेजारी एक तीन खंदक काढले. तटाबाहेर शहर वसलं, त्यालाही कोट आणि वेशी झाल्या.

"ह्यात मेंढरू पडलं की काढताना जीव जायचा," अप्पा म्हणाले. "खोदणाऱ्याला लई शिव्या घातल्या. सुलतानाला लागल्या म्हण की!"

हसत हसत दारापाशी आलो आणि अप्पा थांबले. पटका सारखा करून एका बाजूला उभे राहिले.

"अण्णा, कामून थांबलाव?" पहारेकऱ्यानं विचारलं. "दार उघडंच हाय."

"उघडं हाय म्हून शिरायचं व्हय? घरातल्यानं या म्हणाय नको?"

"घरातलं कोन ऱ्हायलंय? राजे गेले, वटवाघळं हायती!"

"मग मी हितंच बसतो. पोरी, तू ये जाऊन."

आमच्यात ही रीतच आहे. सख्ख्या भावाचं घर असलं तरी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. इतकी वर्षं अप्पा बाहेर का राहिले, ते मला तेव्हा कळलं. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. आणि आज ते दारातून परत फिरले असते, तर पुढं हजार लोकांना किल्ला दाखवूनही माझं शिक्षण मला अर्धंच वाटलं असतं.

मी एकटीच आत गेले. चार पावलांवर वळले, पदर सावरला आणि आमच्या अंगणात म्हणते तसं मोठ्यानं म्हटलं, "या अप्पा, आत या."

पहारेकरी हसला. "काय गं, राणी झालीस व्हय?"

"झालीया," अप्पाच म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत आले. वर कमानीकडं बघत म्हणाले, "चल, दाव तुझं घर."