बंद मिलच्या नकाशातला माणूस

आमचं ऑफिस सुरतेत, कतारगामला, हिऱ्याच्या एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली घासणीच्या घंट्या, म्हणजे हिरे घासायची चाकं, दिवसभर घरघरत आणि वर आम्ही सहाजण ड्रोनला रस्ता ओळखायला शिकवत असू. उपग्रहाचा सिग्नल छपराखाली, टाक्यांत, बोगद्यांत पोचत नाही. तिथे ड्रोनने नुसत्या कॅमेऱ्याने आजूबाजूला बघून आपण कुठे आहोत हे ठरवायचं, असं आमचं काम. कंपनी ज्याने काढली तो सौराष्ट्राकडचा. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो, तो मला बेन म्हणायचा.

चाचणीसाठी भाईने शहराबाहेर पलसाण्याला एक बंद पडलेली डाइंग मिल मिळवली होती. लांबच लांब शेड, रंगाच्या कोरड्या टाक्या, खांबांवर निळे-तांबडे ओघळ. पाऊल टाकलं की दुसऱ्या टोकाला कोणीतरी चालल्यासारखा आवाज यायचा. तिथे एकच माणूस असे, म्हातारा वॉचमन. पूर्वी याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता. मिल बंद झाल्यावर मालकाने त्याला राखणीला ठेवलं. शेडच्या मागच्या कोपऱ्यात लोखंडी खुर्ची टाकून तो बसायचा. मान किंचित डावीकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. आमचं यंत्र डोक्यावरून गेलं तरी हलायचा नाही.

एकदा दुपारी मी आईशी फोनवर बोलत होते. आम्ही मूळ शिरपूरकडचे. वडील सुरतेतच उधन्याला लूमवर होते, घरात अहिराणीच. फोन ठेवला तर म्हातारा खुर्चीतून उठून जवळ आलेला. चेहरा उजळला होता.

"कोठली शे माय तू? धुळानी का नंदुरबारनी?"

मागे भाई आणि बाकीचे उभे होते. कॉलेजपासून मी या लोकांमध्ये गुजराती बोलत आले होते, आणि ती इतकी साफ की मी कुठली हे कोणी विचारतच नसे. मी म्हणाले, "काका, हिंदी में बोलिए. काम चल रहा है."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला आणि परत जाऊन बसला. त्यानंतर त्याने मला मॅडम म्हणायला सुरुवात केली. मला जरा खुपलं, पण इतकंच. आम्ही अजून दहा-बारा दिवस उड्डाणं केली, शेडचा पूर्ण नकाशा तयार झाला आणि आम्ही कतारगामला परतलो.

महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा फाटकावर दुसराच माणूस होता. काका गावी गेले असतील असं वाटलं. आम्ही ड्रोन सोडला. अर्धी शेड त्याने सुरेख पार केली. मागच्या कोपऱ्याशी आला आणि थबकला. हवेतच थरथरू लागला, डावीकडे सरकला, परत आला. माझ्या लॅपटॉपवर ओळ उमटली की जागा ओळखता येत नाही. आम्ही त्याला उतरवून पुन्हा सोडलं. तेच. चार वेळा सोडलं, चारही वेळा तो त्याच कोपऱ्यात जाऊन काहीतरी शोधल्यासारखा घुटमळला.

भाईने जुना नकाशा उघडायला सांगितला. आमचा नकाशा म्हणजे नुसते ठिपके. कॅमेऱ्याला ओळखू येणारे कोपरे, कडा, डाग. हलणाऱ्या गोष्टी यंत्र आपणहून गाळतं. माणसं चालतात, म्हणून माणसं नकाशात येत नाहीत. मी तो कोपरा मोठा केला. ठिपक्यांचा एक दाट पुंजका होता. मी दृश्य हळूहळू फिरवत गेले. बाजूने बघितलं आणि माझा हात माउसवरच राहिला.

"आ तो माणस छे," भाई हळूच म्हणाला.

दोन गुडघे, त्यांवर हात, डावीकडे कललेली मान. रोज त्याच जागी, त्याच बैठकीत, इतका निश्चल की यंत्र त्याला खांबच धरून चाललं होतं. मागची भिंत सपाट, चुन्याची. त्या कोपऱ्याची खूण काय ती तोच होता.

मी फाटकावर गेले. नव्या माणसाने सांगितलं, "वो काका तो गुजर गए. पंधरा दिन हुए. घर पे ही, नींद में." खुर्चीही कोणीतरी नेली होती.

तो नकाशा मला दुरुस्त करायचा होता. ते माझंच काम. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको त्याचं सामान घ्यायला आली. फाटकाजवळच्या खोलीत ती त्याची चादर घडी करत होती. मी दाराशी उभी राहिले.

"माय, मीबी शिरपूरकडली शे."

तिने वर बघितलं. राग नव्हता नजरेत. "त्यास्नी सांगेल व्हतं. एक पोर येस, आपलीच शे, पन बोलस नही."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. लॅपटॉप उघडून तिला ठिपके दाखवले. आधी तिला काहीच दिसेना. मग मी बोटाने गुडघे दाखवले, हात दाखवले. ती पुढे वाकली. खूप वेळ बघत राहिली.

"मान अशीच ठेवेत," ती म्हणाली. "मंग आते काय करशी?"

"पुसनं पडी, माय."

"पुसी टाक," ती म्हणाली. "कितला दिन बसाडी ठेवशी त्यासले आठे?"

चादर काखेत घेऊन ती रिक्षाकडे गेली. मी तिथेच बसून ठिपके निवडत गेले. आधी खुर्ची. मग पाय. मान शेवटी. कोपरा मोकळा झाल्यावर भाईने भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले, म्हणजे यंत्राला धरायला काहीतरी मिळेल.

ड्रोन न थबकता गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मी वेगाचा आलेख बघितला. त्या कोपऱ्याशी रेघ खाली आली होती. फार नाही, कोणी वळणावर पाऊल जरासं आखडतं घ्यावं इतकीच. पुढच्या उड्डाणातही. त्याच्या पुढच्याही. मी भाईला दाखवलं.

"पवन हशे, बेन," तो म्हणाला. वारा असेल.

मी त्या भिंतीजवळ उभी राहून बघितलं. तिथे खिडकी नव्हती. हे मी भाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने कारण शोधायला लावलं असतं, आणि कदाचित सापडलंही असतं.

आमची यंत्रं आता हजीऱ्याच्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्यांच्या आत उतरतात आणि बिनचूक वर येतात. ती मिल पाडली, तिथे गोदामं उभी राहताहेत. हायवेवरून जाताना बाकीचे त्या बाजूला बोट दाखवून चाचण्यांचे किस्से सांगतात. मी तेवढा वेळ फोनमध्ये बघत राहते.