कोपरीतली दाद

मुलीच्या बँडचा कार्यक्रम कोपरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. ती गिटार वाजवते. दिवसा नोकरी करते. नोकरी सोडून पूर्णवेळ वाजवायचं तिच्या डोक्यात होतं, आणि ते डोक्यातच राहावं असं मला वाटत होतं. "एकदा ऐक तर, बाबा, मग काय ते बोल," ती म्हणाली. म्हणून डोंबिवलीहून गेलो.

माझं आयुष्य शास्त्रीय गाण्याच्या बैठकी ऐकण्यात गेलं. हात आपोआप मांडीवर ताल धरतो, सम कुठे येणार ते सांगावं लागत नाही. इथे समच येईना. एक जण झांजेवर व्हायोलिनचा गज घासत होता, गायिका सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचत होती आणि माझी मुलगी स्क्रूड्रायव्हरने तारा खरवडत होती. याला म्हणे प्रयोगशील रॉक म्हणतात. मला तर दुरुस्तीचं काम चालू आहे असं वाटलं. वाईट म्हणावं, तर इथे वाईट कशाला म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं. फार हतबल वाटलं.

मग एकाएकी तिची गिटार थांबली. बाकीचेही थांबले. स्पीकरमधून बारीक गुणगुण तेवढी येत राहिली आणि ती डोळे मिटून उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला. बैठकीतल्या सवयीने तोंडून मोठ्यांदा गेलं, "वा, क्या बात है." लोकांनी वळून पाहिलं, मग टाळ्या पडल्या, आणि ते सगळे पुन्हा वाजवायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर चहाच्या टपरीवर आली. डोळे भरलेले.

"गिटारचा अ‍ॅम्प मधेच बंद पडलेला रे बाबा. वाटलं, संपलं सगळं, पळून जावं. तेवढ्यात तू दाद दिलीस. कसलं सांभाळून घेतलंस."

"अगं, सांभाळलं वगैरे नाही. मला तेवढंच खरं आवडलं. बाकीचं काही कळलं नाही. नोकरी सोडू नकोस."

"पुरे आता, चेष्टा नको करूस," ती हसत म्हणाली. "घरातलं कुणीतरी पाठीशी आहे, एवढंच हवं होतं मला."

तिने मोबाइल काढला. राजीनामा आधीच लिहून ठेवलेला असावा, कारण बोट एकदाच टेकवलं.

"पाठवला," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ते डोकं बाजूला सारून मी काय बोलणार होतो?