अजीमची पुलावर बंद पडणारी गाडी

रहिमतपूरच्या एका इंग्रजी शाळेत वाडीवरची पोरं ने-आण करणाऱ्या अजीमला एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याच्या गाडीतलं पोर दारात चढायचं आणि दारातच उतरायचं. सुभेदार लालासाहेबांच्या बंगल्याच्या फाटकात कुत्रं आडवं झोपलेलं असलं, तर अजीम खाली उतरून त्याला उठवी, पण त्यांच्या मुलाला, ऋषिराजला, फाटकाबाहेर सोडत नसे. त्याची स्वतःची जीनत मात्र रोज कालवा ओलांडून मराठी शाळेत पायी जाई. हे त्याला लागायचं. येत्या जूनला तिलाही इंग्रजी शाळेत घालायचं आणि आपल्या शेजारच्या सीटवर बसवून न्यायचं, एवढंच त्याचं स्वप्न होतं. ड्रायव्हरची मुलगी म्हणून घेऊ, असा शब्दही शाळेच्या मोठ्या बाईंनी दिला होता.

दिवाळीआधी दोन्ही शाळांत डॉक्टरीणबाई वजनकाटा घेऊन आल्या. जीनतच्या शाळेतली पोरं काटक निघाली, काही तर जास्तच वाळलेली. अजीमच्या गाडीतली निम्मी पोरं काट्याला जड झाली. आठवीतल्या ऋषिराजचा आकडा तर बाईंनी दोनदा पाहिला. पोराला चालवा, नाहीतर कोवळ्या वयात साखरेचं दुखणं मागं लागेल, असं त्यांनी लिहून दिलं. लालासाहेबांनी कागद वाचला आणि मिशीवरून हात फिरवला. उसाच्या गावात पोर बारीक दिसलं की घरात काही कमी आहे का, अशी लोक शंका घेतात. खात्यापित्या घरचं पोर आहे, तसं दिसणारच, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

ऋषिराजचा मिटला नाही. एका दुपारी बाकीची पोरं उतरल्यावर तो पुढच्या सीटवर येऊन बसला.

"चाचा, मला पप्पांसारखं फौजेत जायचंय. पण असा कसा घेतील मला?"

अजीमचं काळीज हललं. दुसऱ्याच दिवशी त्याने सगळ्यांना वाडीच्या अलीकडे कालव्याच्या पुलावर उतरवलं आणि चालत जायला सांगितलं. पोरांची दहा पावलं पडेपर्यंत चार आया स्कुट्या घेऊन हजर झाल्या. अजीम आळशी झालाय, अशी तक्रार त्यांनी शाळेत केली, आणि त्यांचा राग अजीमच्या मनात बसला. पुन्हा असं झालं तर जूनपासून दुसरी गाडी लावू, असं मोठ्या बाईंनी ठणकावून सांगितलं. म्हणजे जीनतसाठी दिलेला शब्दही गेलाच असता.

अजीमने यावर तोड काढली. त्याची गाडी रोज त्या पुलावर बंद पडू लागली. आता गाडीला कोण काय बोलणार? पोरं उतरायची आणि आरडाओरडा करत ढकलायची. वाडीचं पहिलं घर दिसलं की गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची, आणि अजीम प्रत्येकाला अगदी दारात सोडायचा.

असे चार महिने गेले. एके दिवशी लालासाहेब पप्पू मिस्त्रीला घेऊन पुलावर वाट पाहत उभे होते. पप्पूने बॉनेट उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अजीमची मान खाली गेली. जीनतची जूनमधली सीट गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

लालासाहेबांनी गाडीमागे पाहिलं. ऋषिराज घामाने निथळत उभा होता. सैल झालेली पँट त्याने कमरेला सुतळीने बांधली होती. मग ते मिस्त्रीकडे वळले.

"पप्पू, गाडी बिघडलेलीच हाय," ते म्हणाले. "दुरुस्त करायची न्हाई. सांगून ठेवतो."

जून उजाडला. जीनत नव्या गणवेशात पुढच्या सीटवर बसली. परतताना पुलावर गाडी बंद पडली आणि पोरं सवयीने खाली उतरली. जीनतनेही दार उघडलं, तसा अजीमने तिचा हात धरला.

"तू बस गं. लय चाललीस तू."

मागून ऋषिराजचा आवाज आला. "चाचा, ती बसली तर गाडी जड हुतीया."

जीनत हसली आणि हात सोडवून मागे पळाली. अजीम एकटाच स्टेअरिंग धरून बसला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघताना आपणही त्यांच्यासारखाच पोरीचा हात धरला होता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या चार स्कुटीवाल्या आयांवरचा त्याचा सगळा राग निघून गेला.