फियाटचं मागचं दार

…आणि मग मुखरूने त्या पाहुण्याच्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या बॉनेटवर थाप मारली अन् सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हे तं कटला मासोळी आहे! नुसतं डोकं न् पोट." बसस्टॉपवरचे लोक हातातला चहा सांडेपर्यंत हसले. काल गोष्ट त्या हसण्यातच अडकून राहिली. पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

मुखरू ढिवराघरचा. मूल गावच्या रस्त्यावरच्या तळ्याकाठी जाळं टाकत मोठा झाला, अन् तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागला. त्यामुळे गाडीसुद्धा तो मासोळीसारखीच पाहायचा. जीप म्हणजे खेकडा. मारुती म्हणजे झिंगा. "हातात धरली तं बोटाच्या फटीतून निघून जाईन," म्हणायचा. अन् ठेकेदाराची जुनी पांढरी फियाट म्हणजे मरळ. "मांगचे दोन पंख पाहा कसे काढले! उभी असली तरी पाण्यातून चालली वाटते. ज्यानं हे काढली ना, त्यानं कधी तरी तळ्यात पाय सोडून मरळ पाहिली असन."

नव्वदच्या पुढे ठेकेदाराने नवी गाडी घेतली अन् फियाट मुखरूच्या अंगणात आली; तिच्यातून तो बसस्टॉपवरच्या सवाऱ्या नेऊ लागला. त्या दिवशी त्याची बायको भागीरथा हिने गाडीला ओवाळलं. पोळ्याला शेजारचे लोक बैल पुजायचे, तर हा गाडीच्या कपाळाला हळद लावायचा.

शर्यतीचंही त्याचं मत पक्कं होतं. शेजारच्या रामाजीच्या घरी टीव्हीवर एकदा परदेशातल्या मोटारींची शर्यत दाखवत होते. रामाजीची बैलजोडी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, नेहमी धावायची, म्हणून त्याने मुखरूला मुद्दाम बोलावून आणलं. मुखरू बराच वेळ पाहत बसला अन् म्हणाला, "हे तं खळ्यावर धान चुरणारे बैल झाले, रामाजीभाऊ. गोल गोल फिरून राह्यले. जिथून निघाले तिथीच येत असन तं पळाचं कायले?"

"मंग तुही फियाट कुठी जाते रे? बसस्टॉपवर न् घरी!"

"तुहे बैल तं पटाच्या दिवशीच धावते. माही रोज धावते."

गाडीत एकच खोट होती. मागच्या दाराची आतली कडी तुटलेली. आत बसलेल्याला स्वतःहून उतरता यायचं नाही. मुखरू फिरून यायचा अन् बाहेरून दार उघडायचा. भागीरथा तर मागे कधी बसायचीच नाही. "मांगं बसली तं मी सवारी वाटतो, घरची नाई," म्हणायची.

मागे ती एकदाच बसली. भर पावसाळ्यात हिवताप डोक्यात चढला, तेव्हा तिला आडवं टाकून मुखरू दवाखान्याकडे निघाला. पुराचं पाणी पुलावरून उतरेपर्यंत गाडी नाल्यापाशी थांबली. मागून ती म्हणाली, "आयकलं काय? आपल्या उर्वशीले सासरी याच गाडीतून धाडजा. दुसऱ्याच्या गाडीत नोका धाडू." पाणी उतरलं, गाडी पलीकडे गेली, पण दवाखान्यातून भागीरथा परत आली नाही.

त्यानंतर मुखरूला एकच ध्यास. उर्वशी त्याची एकुलती एक पोरगी. तिचं लग्न माजरीच्या विक्कीशी ठरलं. विक्की खाणीत नोकरीला होता. इकडे फियाटचं बूड गंजत चाललेलं. मुखरूने काय केलं? डोंग्याच्या बुडाला लावतात तसं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं. लाकूड त्याने सडत नाही, मग पत्रा कसा सडेल? खाली चोळलं, बॉनेटच्या आत चोळलं, उरलं ते वायरींनाही लावून टाकलं. रामाजी नाक दाबून म्हणाला, "गाडीले फोडणी देऊन राह्यला काय बे?"

उन्हाळ्यात शेतं उघडी पडलेली, उंदरांना खायला काही नाही. त्यात हा तेलाचा वास.

लग्न लागलं, जेवणं झाली, पोरगी निघायची वेळ आली. उर्वशी फियाटमध्ये मागे बसली. मुखरूने चावी फिरवली. काहीच नाही. बॉनेट उघडून पाहतो तर वायरी कुरतडून भुगा केलेला. त्याला तेलाचा वास आला अन् सगळं समजलं. वऱ्हाडाची मार्शल जीप बाजूलाच घरघरत उभी होती. विक्कीचा काका म्हणाला, "चाला ना व्याहीबुवा, आमची गाडी तयार आहे. पोरीले उतरवा."

मुखरू बॉनेट धरून उभा राहिला. रामाजीने त्याच्याकडे पाहिलं, घरी गेला अन् आपली पटाची जोडी घेऊन आला. ओझ्याच्या गाडीला कधी न जुंपलेले ते बैल. त्याने दोराने फियाट त्यांच्यामागे बांधली अन् म्हणाला, "बस स्टेरिंगवर. शिवेपर्यंत तं तुह्याच गाडीत जाईन पोरगी."

वाजंत्री थांबली होती. बैल हळू चालले; आयुष्यात पहिल्यांदा रामाजीने त्यांना पळू दिलं नाही. मुखरूने स्टेरिंग धरलं होतं. आरशात पोरीचं तोंड दिसत होतं अन् त्या तोंडात भागीरथाचं. शीव आली, बैल थांबले. पुढे मार्शल उभी. मुखरू उतरला नाही. लोक म्हणाले, "मुखरूभाऊ, दार उघडा." उर्वशी आत नुसती बसून. "मुखरूभाऊ, ऊन तापून राह्यलं." तो आरशात पाहत राहिला. मग उतरला, गाडीला वळसा घालून गेला अन् दार उघडलं.

फियाट त्यानंतर तशीच उभी. अंगणात कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या. दिवाळीला विक्की आला, तेव्हा गाडीभोवती फिरून पाहिलं. त्यालाही गाड्यांचा नाद. "मामाजी, पंख तं खरंच मस्त आहेत. वायरिंग मी माजरीहून आणून देतो. पण इतकी वर्षं हे आतली कडी काऊन नाई बसवली तुम्ही? एवढी मोठी खोट!"

मुखरूने दारावरची धूळ पंजाने पुसली.

"वायरिंग आणा, जवाईबापू, पण कडी नोका आणू. आतून उघडत असतं तं पोरगी शिवेवर आपली आपणच उतरून गेली असती. मी स्टेरिंग धरून बसलो, तेवढा वेळ तरी ते माह्याच गाडीत होती."